तीस अंशांची भिंत

३ फेब्रुवारी, सोमवार

“मधे कुणी खोटं बोलत नाही, रोवेना. खोटं बोललं जातं ते कडेला.”

एकवीस वर्षांपूर्वी अँटे विदोविचनं मला हे सांगितलं होतं, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. मला वाटलं, हा माणूस लोकांबद्दल बोलतोय. तो उष्णतेच्या गणिताबद्दल बोलत होता. पेटीच्या आत काय होतं ते संगणक इमानेइतबारे सोडवतो. पण पेटीच्या भिंतीपाशी काय आहे, ते आपण सांगायचं असतं. भिंत किती तापलेली, तिच्यातून किती ऊब बाहेर जाते, की काहीच जात नाही. या कडेच्या अटी. आपण सांगू ते तो खरं मानतो.

आज हे आठवलं, कारण सकाळी खाणीतून नोलीन हार्कसचा फोन आला. ती तिथली सुरक्षा बघते. फोनवर ‘हॅलो’ म्हणायची तिला सवय नाही.

“रो, आम्ही आणखी खाली उतरतोय. तिथला खडक अडतीस अंशांचा आहे. तुझ्या आसराखोलीच्या गणितात तिसाच्या जागी अडतीस घाल आणि मला काय येतं ते सांग. दहा मिनिटांचं काम आहे, दहा दिवस लावू नकोस.”

आसराखोली म्हणजे बोगद्यातल्या कोनाड्यात ठेवलेली पोलादी पेटी. खाली एखादा ट्रक पेटला, धूर झाला, की वीस माणसं आत शिरून दार लावून घेतात. छत्तीस तास त्यांनी आत काढायचे असतात. बाहेरची वीज गेली तर गार हवेचं यंत्र काही तास बॅटरीवर चालतं. त्यानंतर वीस अंगांची ऊब बाहेर न्यायला फक्त भिंती उरतात. त्या ती नेतात की नाही, हे तीन वर्षांपूर्वी मी मोजलं होतं. अशा सहा पेट्या त्या खाणीत आहेत.

मेरिन त्याच खाणीत ट्रक चालवते. माझी मुलगी. बावीस वर्षांची आहे. संध्याकाळी आली, लाल धुळीनं माखलेली, आणि दारातल्या बुटांना अडखळली. रोज अडखळते.


५ फेब्रुवारी

जुनी फाइल उघडली. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लिहिलंय : ठरावीक तापमान, तीस अंश. शेजारी माझीच टीप : ‘तात्पुरतं. उद्या बदल.’ तारीख तीन वर्षांपूर्वीची, अकरा ऑगस्ट.

हे आम्ही सगळेच करतो. आधी भिंतीला एक सोपा आकडा बांधून टाकायचा, गणित धावतंय ना ते बघायचं, मग तो आकडा काढून खरी अट घालायची. म्हणजे पोलाद, त्यापलीकडची वीतभर कोंडलेली हवा, त्यापलीकडचा खडक, जो स्वतःही तापत जातो. आकडा बांधलेली भिंत कधी तापत नाही. तिला कितीही ऊब द्या, ती गिळते आणि तीसच राहते. जगात अशी भिंत नसते.

उद्या म्हणजे बारा ऑगस्ट. त्या सकाळी माझ्या नवऱ्याला, एमलिनला, फ्लाइंग डॉक्टरच्या रुग्णविमानातून पर्थला नेलं. मी त्याच्या पायाशी बसले होते. नऊ दिवसांनी तो गेला.

अहवालावरची तारीख सव्वीस ऑगस्टची आहे. म्हणजे तो गेल्यावर पाच दिवसांनी मी अहवाल पाठवला. मला आठवत नाही. कुठं बसून लिहिला, अंगावर काय होतं, काही नाही. चांगला लिहिलाय. एकही अक्षर चुकलेलं नाही.

फाइल बंद केली. दोरीवरचे कपडे काढले. वाळून पापडासारखे झाले होते.


६ फेब्रुवारी

पहाटे मेरिनचा डबा भरला.

“आई, रोज कॉर्न्ड बीफच का गं?”

“तुला आवडतं ना.”

“बाबाला आवडायचं.”

तरी घेऊन गेली. पावणेसहाला तिची गाडी कोपऱ्यावरून वळली. ती खाली जाते आहे, हे मला माहीत होतं. पेटीबद्दलही माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या, एकाच बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांसारख्या.


८ फेब्रुवारी, शनिवार

खरी अट घालून गणित पुन्हा चालवलं. जुन्या अहवालात आतली हवा साडेतेहतिसावर येऊन थांबते आणि छत्तीस तास तिथंच राहते. आता ती थांबत नाही. एकोणिसाव्या तासाला पस्तीस ओलांडते आणि चढतच जाते. त्या दमट हवेत पस्तिसाच्या पुढं घाम वाळत नाही, अंग स्वतःला निववू शकत नाही. अडतीस अंशांच्या खडकात हेच तेराव्या तासाला होतं.

तीनदा करून बघितलं. गणिताची जाळी बारीक केली, वेळेच्या पायऱ्या लहान केल्या. पडद्यावरचं उष्णतेचं चित्र पिवळं होत गेलं, मग नारिंगी. ते बघत मी सफरचंद खाल्लं.

नोलीनला सांगायला हवं. आज शनिवार आहे. सोमवारी सांगेन.

मेरिन आजही खाली आहे. खाणीला शनिवार नसतो.


१० फेब्रुवारी

आधी अँटेला सांगितलं. कचेरीत आम्ही दोघंच असतो. तो या महिनाअखेरीस निवृत्त होतोय. अठ्ठावीसला त्याच्या अंगणात जेवण आहे, अर्धं कॅल्गुर्ली गाव येणार आहे. त्यानं पडद्यावरची ती टीप वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

“कॉफी करतो,” म्हणाला.

करून आणली तेव्हा माझ्या कपात साखर घातलेली होती. मी साखर घेत नाही, हे त्याला एकवीस वर्षं माहीत आहे.

“हे बघ रो, आधी आपण नीट मोजू. खडकाचे ताजे आकडे मागव. घाईघाईनं सांगितलेली चूक म्हणजे आणखी एक चूक. आठवडाभरात काय बिघडतंय? तीन वर्षांत तिथं कुणी चार तासांवर आत बसलेलं नाही.”

मला पटलं. पटायला सोपं होतं.

तो पुढं म्हणाला, “आणि स्वतःला फार खाऊ नकोस. तेव्हा तुझ्यावर काय गुजरत होतं, ते देवाला माहीत.”

मी स्वतःला खात नाही. तेच मला विचित्र वाटतं. मी आत शोधते आणि तिथं काही नसतं.


१३ फेब्रुवारी

बाहेर चव्वेचाळीस. घरात मी नेहमी चोवीस ठेवते. उन्हाळा असो, थंडी असो, चोवीस. एमलिननं लावलं होतं तसंच.

मेरिन म्हणाली, “बाबाचं कपाट रिकामं करून मला दे ना. माझे कपडे खुर्चीवर राहतात.”

“बघू.”

“तू तीन वर्षं बघते आहेस. हे घर आहे की म्युझियम? तिकिटं लाव निदान.”

मी हसले. बहुतेक हसले. ती माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, “तुला काही बोललं तरी तू तशीच राहतेस. ओरडायलासुद्धा मजा येत नाही.”

तिला दमल्यासारखं होत असेल. बारा तासांची शिफ्ट आहे.

खडकाचे आकडे अजून आले नाहीत. मी आठवणही करून दिली नाही.


१५ फेब्रुवारी, शनिवार

मेरिन आज दोन तास उशिरा आली. दारातच सांगायला लागली.

“आई, आज आम्ही तुझ्या पेटीत बसलो होतो! एका ट्रकचा टायर पेटला. चौदा जण, दोन तास. डॅझ सगळा वेळ घोरत होता, आणि टॅनियानं माझं सँडविच खाल्लं. म्हणाली, मरायचंच असेल तर भरल्या पोटी मरू. बाहेर आलो तर नोलीन हजेरी घेत उभी, जणू शाळेची सहल.”

“वीज होती?”

“होती. गार हवा चालू होती. का?”

“तू भिंतीकडेला बसली होतीस? हात लावलास भिंतीला?”

“काय?”

“हाताला कशी लागत होती?”

ती बूट काढायला वाकली. “कोमट,” म्हणाली. “बाबाच्या चहासारखी.”

मी पाकिटाच्या मागं लिहून ठेवलं : दोन तास, चौदा जण, वीज चालू, कोमट.

ती बूट हातात धरून तिथंच उभी होती. “एवढंच?” तिनं विचारलं.

“पाणी भरपूर पी,” म्हटलं.

मग ती न्हाणीघरात गेली. शॉवर अर्धा तास चालू होता. पाणी फार वाया घालवते ही मुलगी.


१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात वाजता नोलीनला घरी फोन केला. काल ते पाकीट लिहिल्यानंतर झोपले, आणि पहाटे जाग आली ती माझंच अक्षर डोळ्यांपुढं घेऊन. ‘कोमट’ लिहिताना माझा हात जरासुद्धा हलला नव्हता. मला स्वतःची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, पण वाटायला हवी होती एवढं कळलं, आणि तेवढ्यावर फोन उचलला.

सगळं सांगितलं. तात्पुरता आकडा, टीप, एकोणिसावा तास.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“बुधवारपासून. पाच तारखेपासून.”

“म्हणजे अकरा दिवस.”

“हो.”

“काल माझी माणसं आत होती, रो.”

“माझी मुलगीही होती.”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर परत विचारतेय. अकरा?”

“अकरा.”

फोन ठेवला. अँटेला विचारलं नव्हतं. त्याला निरोप पाठवला : ‘सांगितलं.’ त्याचं उत्तर आलं नाही.


१८ फेब्रुवारी

कालपासून सहाही पेट्यांवर लाल पट्ट्या लागल्यात. खालचं काम बंद आहे. आठशे माणसं वर बसून आहेत. कँटीनच्या फलकावर नोलीननं कागद लावला : गणितात चूक आढळली, पेट्यांची नव्यानं तपासणी होईल. माझं नाव नाही. लिहायची गरजच नव्हती. खाणीत सगळ्यांना माहीत आहे, पेट्या कुणी मोजल्या ते.

मेरिन दुपारी घरी आली. ओरडली नाही.

“शनिवारी मी आले, तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“आधीपासून माहीत होतं. रोज डबा भरून द्यायचीस.”

“मेरिन, नक्की आकडा येईपर्यंत—”

“मी त्या पेटीतून बाहेर आले. तू मला जवळ घेतलं नाहीस. भिंत कशी होती ते विचारलंस.” तिचा आवाज अगदी सपाट होता. मला तो ओळखीचा वाटला, कुणाचा ते आठवेना. “मी तुझी मुलगी नव्हते तेव्हा. मी तुझा थर्मामीटर होते.”

तिनं दोन पिशव्या भरल्या. कपडे खुर्चीवरच होते, त्यामुळं वेळ लागला नाही. टॅनियाकडं, बोल्डरला राहणार आहे. जाताना बुटांना अडखळली आणि त्यांना लाथ मारली. मग वाकून पुन्हा होते तसे नीट ठेवले.

संध्याकाळी उद्याच्या डब्यासाठी पाव काढला. काढल्यावर लक्षात आलं.


२१ फेब्रुवारी

अँटेनं जेवण रद्द केलं. आज कचेरीत आला, पण बसला नाही.

“तुला एक विचारायचं होतं ना? मग विचार की.”

मला काही विचारायचं नव्हतं. पण त्यानं म्हटल्यावर कळलं, काय विचारायचं होतं ते. आमच्याकडं प्रत्येक अहवालावर दोन सह्या असतात. एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. तपासणारा भिंतीपासून सुरुवात करतो. हे त्यानंच शिकवलंय.

“तू फाइल उघडली होतीस?”

“नाही.”

खिडकीबाहेर गुलाबी पोपटांचा थवा तारेवर बसला होता. तो त्यांच्याकडं बघत बोलला.

“एमलिनला पुरून तीन दिवस झाले होते. तू इथं बसली होतीस, त्या खुर्चीत, त्याचा स्वेटर घालून. म्हणालीस, झालं, सही कर. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता हिला प्रश्न विचारला तर ही मोडेल. म्हणून सही केली.”

“मी मोडले नसते.”

“तेच तर. तू मोडली असतीस तर बरं झालं असतं.”

त्याचा स्वेटर. म्हणजे अंगावर तो होता. निदान एक गोष्ट कळली.

मी शांतपणे म्हटलं, “तू माझ्यावर दया केलीस, आणि त्या वीस माणसांचं काय?”

तो म्हणाला, “हो.” चौसष्ट वर्षांचा माणूस, शाळेतल्या मुलासारखा उभा. त्यानं दोघांच्या नावानं खाणखात्याला पत्र लिहून आणलं होतं. त्यात न तपासता सही केल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. माझ्या मन:स्थितीचा एक परिच्छेद होता. तो मी खोडायला लावला. ती मन:स्थिती पेटीत बसणाऱ्यांच्या काय कामाची?

आम्ही दोघांनी सह्या केल्या. जाताना त्यानं पिशवीतून अंजिरं काढून टेबलावर ठेवली. त्याच्या बागेतली. अजून खाल्ली नाहीत.


५ मार्च

पेटीची परीक्षा झाली. माणसांच्या जागी वीस पिंपं. प्रत्येकात पाणी आणि एकशेवीस वॅटचा तापक, म्हणजे स्वस्थ बसलेल्या एका माणसाएवढी ऊब. काल दुपारी नोलीन मला खाली घेऊन गेली. पिंपं बाकांवर मांडलेली होती आणि कुणीतरी खडूनं त्यांच्यावर तोंडं काढली होती, नावं लिहिली होती. डॅझ डोळे मिटलेला. टॅनियाच्या तोंडात सँडविच. भिंतीकडेच्या पिंपावर ‘मेरिन’. तिचं तोंड काढलेलं नव्हतं.

“पोरांचा चावटपणा,” नोलीन म्हणाली. “पुसायला सांगू?”

“नको.”

वीज तोडली. वर येऊन पडद्यावर आकडे बघत बसलो. बॅटरी संपली, मग रेषा चढायला लागली. माझं नवं गणित एकोणीस तास म्हणत होतं. एकोणीस तास चाळीस मिनिटांनी पस्तीस ओलांडलं. गणित बरोबर आलं की पूर्वी मला बरं वाटायचं.

दार उघडलं तेव्हा मी आत गेले. ओल्या वाफेनं चष्मा आंधळा झाला. चाचपडत बाकाच्या टोकाला गेले आणि भिंतीवर हात ठेवला. तिथं मी तीस लिहिलं होतं.

ती तापलेली नव्हती. माणसाच्या अंगाएवढी ऊन होती, ताप उतरल्यावर लागतं तसं अंग. मी हात काढला आणि परत ठेवला. मग दुसराही ठेवला. किती वेळ ते मोजलं नाही.

“चल रो,” नोलीन बाहेरून म्हणाली. पुन्हा म्हणाली, “रोवेना, पुरे.” तिनं येऊन माझा दंड धरला. तिचा हात गार होता.

घरी येऊन चहा केला. दोन कप ओतले गेले. दुसरा ओट्यावर ठेवून कोमट व्हायची वाट बघत बसले. तो कोमट झाला. मग गार झाला. कुणी आलं नाही. एमलिनला जाऊन तीन वर्षं उलटून गेली, आणि मला हे आज कळलं, असं लिहिलं तर वाचणारा हसेल. वाचणारं कुणी नाही.


७ मार्च

घरातला चोवीसचा आकडा बंद केला. खिडक्या उघडल्या. धूळ आली, उष्णता आली, माश्या आल्या. फार वाईट झोप लागली.

मेरिनला तीन निरोप पाठवले होते. चौथ्याचं उत्तर आलं : ‘ठीक आहे मी. निरोप नको.’


९ मार्च, रविवार

नव्या पेट्या ठरल्या. बॅटरी दुप्पट, भिंत आणि खडक यांत हातभर मोकळी जागा, आणि गणित पर्थच्या दुसऱ्या लोकांकडून. ते बरोबर आहे. बावीस तारखेला पहिल्या पेटीची माणसं बसवून परीक्षा आहे. वीस जण, आठ तास, वीज बंद. ज्यांना खाली काम करायचं आहे त्यांनीच आत बसून बघावं, असं पोरांनी ठरवलं. यादीत पहिलं नाव मेरिनचं आहे.

मी नोलीनला म्हटलं, मलाही बसव.

“वेडी आहेस? बाहेरचं माणूस नाही चालत. आणि तू तर नाहीच. खाली लोक अजून तुझं नाव घेऊन थुंकतात. आत कुणी तुझ्याशी बोललं नाही तर आठ तास काय करशील?”

“बसेन.”

“मी नाही म्हणतेय, रो. मात्र त्या वीस जणांतलं कुणी तुला शेजारी मागितलं, तर मला विचार करावा लागेल.” मग म्हणाली, “कोण मागणार आहे पण?”

आज सकाळी एमलिनचे बूट दारातून उचलले. डाव्याच्या आत एक खडा होता, खाणीतला नव्हे, समुद्राकाठचा. एस्परन्सला गेलो होतो तेव्हाचा असेल. मेरिन सात वर्षांची होती, तिचा हात त्याच्या हातात होता. मला पाण्याची भीती वाटत होती, म्हणून मी काठावर बसून दोघांचे कपडे धरले होते. बराच वेळ तो खडा मुठीत धरून बसले.

मग निरोप लिहिला. ती नाही म्हणेल. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, कदाचित उत्तरही दिलं नसतं. तरी पाठवलाय. इथं उतरवून ठेवते, म्हणजे मी काय मागितलं ते नंतर विसरणार नाही :

‘मेरिन, तू निरोप नको म्हणालीस, हा शेवटचा. बाबाचे बूट दारातून काढले, मागच्या व्हरांड्यात ठेवलेत. कपाट रिकामं केलंय. तू ये किंवा येऊ नकोस, ते तुझंच आहे. त्या शनिवारी तू दारात उभी होतीस आणि मी पाकिटावर लिहीत होते. त्याला माझ्याकडं काही उत्तर नाही. बावीस तारखेला भिंतीकडेला तुझ्या शेजारची जागा माझ्यासाठी माग. तू मागितलीस तर नोलीन ऐकेल. मी काही मोजणार नाही, काही लिहिणार नाही, तुला काही विचारणार नाही. तू बोलली नाहीस तरी चालेल. आठ तास फक्त तुझ्या शेजारी बसू दे.’